वरची ओळ

टिल्लीच्या बाबांनी पुढच्या दाराला रंग द्यायला घेतला, तो काही दाराला गरज होती म्हणून नव्हे. दार चांगलं धडधाकट होतं. पण तीन कॉलेजांना अर्ज करून पोरगी घरात बसली होती, उत्तर एकाचंही येत नव्हतं, आणि नुसतं बसून वाट बघणं हे काही पेंटरच्या हातांना जमणारं काम नाही. टिल्ली घडीघडी मोबाइल उघडायची, बघायची आणि मिटायची. तिने मोबाइल उघडला की बाबांचा ब्रश थांबायचा. तिने तो खाली ठेवला की पुन्हा सुरू व्हायचा. जिथे जिथे ब्रश थांबला तिथे तिथे दारावर एकेक जाड पट्टा उमटला होता.

टिल्ली हे नाव ती जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून पडलेलं. आता ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि वर्गात सगळ्यांत उंच होती. पण एकदा पडलेलं नाव माणसाबरोबर वाढत नाही. शाळेच्या बसपासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळा रस्ता तिला टिल्लीच म्हणायचा.

आई दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. तिथल्या बोलण्याची तिला इतकी सवय झाली होती की घरी आली तरी जीभ काउंटरवरच असायची.

"आई, आजपण काही आलं नाही," टिल्ली म्हणाली.

"बसून घे. नंबर आला की बोलावतील."

"मी पेशंट नाहीये गं."

"सगळे आधी असंच म्हणतात," आई म्हणाली आणि तिने पर्स खुंटीला अडकवली.

तीन कॉलेजांपैकी एक विज्ञानाचं होतं, एक वाणिज्याचं. ती दोन्ही आपली असावीत म्हणून होती. टिल्लीचा सगळा जीव तिसऱ्यात अडकला होता. तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. बेकरीवाल्या काकांच्या कुत्र्याचा, टोस्टचा, पाय गाडीखाली आला तेव्हा तिने त्याला सायकलच्या टोपलीत घालून दवाखान्यात नेलं होतं आणि नंतर रोज शाळा सुटली की पट्टी बदलली होती. टोस्ट आता तीन पायांनी धावायचा आणि चौथा पाय लाड करून घ्यायला पुढे करायचा. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

हे बाबांना ठाऊक होतं. पण विषय निघाला की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं. "कुठलंही मिळू दे गं. आपल्याला सगळी सारखीच."

या वाक्याने टिल्ली हिरमुसायची. एकदा तरी बाबांनी म्हणावं, 'तुला तेच मिळेल,' एवढीच तिची अपेक्षा होती. "बाबांना वाटतच नाही मला ते मिळेल असं," ती आईला म्हणाली. आईने नेहमीप्रमाणे बसून घ्यायला सांगितलं.

आता बाबांची एक सवय इथे सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. पेंटरच्या धंद्यात दुकान मागून उघडतं आणि पाटी आधी तयार होते. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे, कुठल्याही गोष्टीच्या आधी तिची पाटी तयार हवी असं बाबांच्या मनाने घेतलं होतं. टिल्लीच्या जन्माआधी त्यांनी 'बाळ झोपले आहे' अशी पाटी रंगवून ठेवली होती. बाळ काही फारसं झोपलं नाही, ती गोष्ट निराळी.

कामात मात्र ते भलते काटेकोर. आधी अक्षरं मोजायची, खडूने माप टाकायचं, मग ब्रश उचलायचा. दोन्ही टोकांची वेलबुट्टी सगळ्यांत शेवटी. "आधी वेल काढलीस आणि मग अक्षरं मावली नाहीत, तर काय वेल कापणार?" असं ते टिल्लीला लहानपणापासून सांगत आले होते. मावली नाहीत तर पंचाईत, आणि कमी पडली तर ओळ दात पडल्यासारखी दिसते.

त्याच आठवड्यात बेकरीवाले काका गल्लीतल्या अंधाऱ्या गाळ्यातून कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात जाणार होते. त्यांची पाटी रंगवून झाल्यावर त्याच मापाचा पत्र्याचा एक तुकडा उरला, आणि सवयीने घात केला. टिल्ली शाळेत असताना बाबांनी त्या तुकड्यावर तिच्यासाठी पाटी रंगवली. उत्तर आलं की त्याच क्षणी दारावर लागली पाहिजे, हा बेत. दोन्ही पाट्या वाळल्यावर त्यांनी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सुतळीने बांधल्या आणि पुढच्या खोलीत एक या भिंतीला, एक त्या भिंतीला अशा टेकवून ठेवल्या.

बेकरीच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ते टर्पेंटाइन आणायला बाहेर पडले आणि पाट्या बसवणाऱ्या शिडीवाल्या काकांना त्यांनी फोन केला. "दारातून आत शिरलात की उजव्या हाताची पाटी बेकरीची. डावीकडचीला हात लावू नका. ती घरची आहे."

शिडीवाले काका शब्दाचे पक्के. आले, आणि पुढच्या दारापाशी थबकले. दारावर बाबांच्याच सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं: 'रंग ओला आहे. हात लावू नये.' ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या भिंतीवर चढवल्या, तो पाटीचा मान राखणारच. ते वळसा घालून मागच्या दाराने आत शिरले, स्वयंपाकघर ओलांडलं, पुढच्या खोलीत आले आणि सांगितल्याप्रमाणे उजव्या हाताची पाटी खांद्यावर घेऊन गेले.

संध्याकाळी नव्या बेकरीसमोर चांगली गर्दी जमली. टिल्लीच्या शाळेच्या मोठ्या बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या, कारण शाळेच्या कँटीनला पाव इथलाच जायचा. औषधवाले, शिंपी, वाचनालयातल्या मावशी, गणिताचे सर असे ओळखीचे सगळे होते. शाळेचे बसवाले काका तर बस रस्त्याच्या कडेला लावून आले होते. टोस्टच्या गळ्यात रिबिन बांधली होती आणि ती सोडवण्यात तो गुंतला होता. पाटी अजून वर्तमानपत्रातच होती. मोठ्या बाईंनी सुतळी ओढायची आणि कागद खाली पडायचा, असा बेकरीवाल्या काकांचा कार्यक्रम ठरला होता.

मोठ्या बाईंनी सुतळी ओढली. कागद पडला.

वरच्या ओळीत दोन्ही टोकांना हिरवी वेलबुट्टी होती आणि मध्ये काहीच नव्हतं. पांढरी स्वच्छ मोकळी जागा. तिच्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'येथे प्रवेश मिळाल्याबद्दल'. आणि त्याखाली, त्याहून मोठ्या अक्षरांत: 'टिल्लीचे हार्दिक अभिनंदन'.

बाबांच्या हातातला पेपर-कप तिरका झाला आणि चहा त्यांच्या बुटावर सांडायला लागला. टिल्लीने पाटी वाचली, मग आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "बाजारात तुरी, आणि तुम्ही पाटी रंगवून मोकळे."

गर्दीतले एक आजोबा कपाळावर हात धरून वाचत होते. "येथे प्रवेश? म्हणजे पोरगी बेकरीत लागली का?"

"बेकरीत कशाला, कॉलेजात लागली असणार," औषधवाले म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली. एका टाळीला शंभर टाळ्या चिकटतात. बघता बघता सगळा रस्ता टाळ्या वाजवत होता.

बाबा बेकरीवाल्या काकांकडे धावले. "अहो, घोळ झालाय. ही पाटी..."

बेकरीवाल्या काकांनी त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पेंटर, काही बोलू नका. माझ्या टोस्टचा पाय तिने वाचवला, आणि तिची पहिली बातमी तुम्ही माझ्या दुकानावर लावलीत. एवढा मान मला कोणी दिला नव्हता हो."

आता अशा माणसाला काय सांगणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेवढ्यात मोठ्या बाईंचं भाषण सुरूही झालं होतं. सुतळीचा तुकडा हातात तसाच धरून त्यांनी टिल्लीच्या पहिलीपासूनच्या प्रगतीचा आढावा घेतला आणि बेकरीबद्दल बोलायचं राहून गेलं.

"बाई, अजून काही आलं नाहीये," टिल्ली त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली. "मला कुठेच प्रवेश मिळालेला नाही."

"विनय बघा," मोठ्या बाई गर्दीकडे वळून म्हणाल्या. "हा आमच्या शाळेचा संस्कार."

वरची ओळ मोकळी होती हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्यामुळे कोणाचंही अडलं नाही. ज्याने त्याने आपापल्या मनाने ती भरून टाकली. औषधवाल्यांनी मेडिकल कॉलेज भरलं. गणिताच्या सरांनी इंजिनिअरिंग भरलं, कारण दुसरं काही भरण्याजोगं असतं हे त्यांना मान्यच नव्हतं. शिंप्याने खिशातून टेप काढून तिथल्या तिथे टिल्लीच्या बाहीचं माप घेतलं. "पांढरा कोट लागेल ना. हात लांब आहेत, तयार मिळायचा नाही. माझ्याकडून भेट." वाचनालयातल्या मावशींनी तर तिला परदेशी पाठवून परतही आणलं.

"मी सांगितलं होतं, या मुलीत काहीतरी आहे," औषधवाले शिंप्याला सांगत होते. "मी नसतो तर हिला थर्मामीटर कसा धरतात हेसुद्धा कळलं नसतं."

"आणि पाढे कोणी पाठ करून घेतले?" सरांनी विचारलं.

टिल्लीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण या गडबडीत एक गोष्ट तिच्या लक्षात आली, ती खरीच होती. औषधवाल्यांनी तिला टोस्टसाठी पट्ट्या आणि मलम देताना कधी काही विचारलं नव्हतं, फक्त पुडी पुढे केली होती. सर शाळा सुटल्यावर तिच्यासाठी थांबायचे आणि आपलीच बस चुकवायचे. परीक्षेच्या दिवसांत वाचनालयातल्या मावशी दिवे मालवायच्या वेळेला मुद्दाम हळूहळू पुस्तकं लावायच्या. बसवाल्या काकांनी तिला धावत येताना आरशात पाहून कितीदा गाडी थांबवून ठेवली होती. आणि यातल्या एकाचेही आभार तिने कधी मानले नव्हते. मनात होते, पण तोंडावर कधी आले नव्हते. आज माणसं स्वतःहून समोर येऊन उभी होती.

मग ती प्रत्येकाला म्हणाली, "तुमच्यामुळे झालं हो." आणि हे म्हणताना तिने बाहीने डोळे पुसले, कारण झालेलं काहीच नव्हतं, पण 'तुमच्यामुळे' हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"रडतेस काय वेडे?" बसवाले काका म्हणाले. "आता तर हसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बेकरीची खरी पाटी काखेत घेऊन कोपऱ्यावर गेले. शिडीवाले काका खाली मान घालून मागे होते. आपण चुकलो हे त्यांना पटलं होतं, पण ओल्या रंगाला हात लावायला हवा होता हे पटत नव्हतं. बाबांनी बेकरीवाल्या काकांना बाजूला घेतलं आणि सगळं खरं सांगून टाकलं.

बेकरीवाले काका मान वर करून पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाटी काढायची नाही."

"अहो, पण ते खोटं आहे."

"काल संध्याकाळी सगळ्यांनी वाचलंय. आज पाटी उतरवली तर लोक काय म्हणतील? पोरीचा प्रवेश रद्द झाला म्हणतील. तुम्हाला चालेल?"

बाबांना ते चालणार नव्हतं. बिनतोड युक्तिवाद होता. "मग तुमच्या दुकानाचं नाव?" त्यांनी विचारलं.

"नावाचं काय घेऊन बसलात? पाव विकला जातोय." पाव खरोखरच विकला जात होता. पाटी वाचायला माणसं थांबत होती, आणि थांबल्यावर रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नव्हतं.

बाबा पाटी काखेत मारून परत आले. आत्तापर्यंत त्यांनी टिल्लीची नजर चुकवली होती. आता ते तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि नखात अडकलेला रंग काढायला लागले. "माझी चूक झाली. मला घाई नडली."

"नाही आलं तर काय करायचं, बाबा? शिंपीकाकांनी कोट शिवायलापण घेतला."

"येईल गं कुठलं तरी. आपल्याला सगळी सारखीच."

पुन्हा तेच वाक्य. टिल्ली उठून आत गेली. बाबांनी पुढच्या दाराला रंगाचा आणखी एक हात द्यायला घेतला.

पुढचे दिवस टिल्लीने चोरासारखे काढले. औषधवाल्यांनी तिला स्टेथोस्कोप दिला, सरांनी कंपासपेटी दिली. ती बेकरीवरून जायची तेव्हा मान खाली घालायची, आणि लोक म्हणायचे, बघा, जराही शेफारली नाही. जितकी ती लाजेने बारीक व्हायची तितकं तिचं नाव मोठं व्हायचं. मोबाइल उघडायचीसुद्धा तिला भीती वाटायला लागली. आधी फक्त तिची आशा मोडायची होती. आता साऱ्या रस्त्याची मोडणार होती.

शाळेच्या शेवटच्या दिवशी सभागृहात निरोपाचा कार्यक्रम होता. मोठ्या बाईंनी टिल्लीला बोलायला उभं केलं. माइक तिच्या मानाने बुटका होता, तो वर करून घेताना तिने मनाशी ठरवून टाकलं की आता बास.

"मला तुम्हाला एक खरं सांगायचंय," ती म्हणाली. "मला अजून कुठल्याही कॉलेजात प्रवेश मिळालेला नाही. मिळेल की नाही तेही माहीत नाही. ती पाटी चुकून लागली. पण तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी जे केलं ते चुकून केलं नव्हतं. म्हणून मी तुमचे आभार आत्ताच मानते. नंतर उत्तर काहीही आलं तरी हे आभार परत घ्यायचे नाहीत."

ती थांबली. आता गलका होईल, नावं ठेवतील, कोट परत मागतील, अशी तिची तयारी होती. पण मोठ्या बाई उठल्या, चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि माइक हातात घेतला.

"मुलांनो, किती खोल बोलली ही," त्या म्हणाल्या. "ज्ञानाच्या दारात आपण सगळे कायम बाहेरच उभे असतो. खरा प्रवेश कोणालाच मिळालेला नसतो. हेच तिला सुचवायचंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. टिल्ली खाली येऊन आपल्या जागेवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

वह्या-पुस्तकांचं शेवटचं ओझं घेऊन ती शाळेच्या फाटकापाशी आली, तेव्हा दप्तरात मोबाइल वाजला. तिने तो काढला. संदेश वाचला. मग भिंतीला पाठ टेकवून पुन्हा वाचला. कळवण्यास आनंद होतो की, असं पहिल्याच ओळीत होतं, आणि खाली त्या तिसऱ्या कॉलेजचं नाव होतं.

टिल्ली पळत सुटली. बस निघायच्या बेतात होती. "काका, काका, मला प्रवेश मिळाला!"

"हो ना, छान झालं," बसवाले काका म्हणाले. "चढतेस का? उशीर होतोय."

ती कोपऱ्यावर उतरली आणि औषधवाल्यांकडे गेली. "काका, मिळाला हो प्रवेश. आत्ता आला संदेश."

औषधवाल्यांनी गोळ्या मोजता मोजता मान वर केली. "अगं, किती वेळा सांगशील? शेफारली नाहीस म्हणून तुझं कौतुक करत होतो मी." टिल्ली काउंटरपासून मागे सरली. शिंपी म्हणाला, "कोट गुरुवारी मिळेल." वाचनालयातल्या मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. सगळ्यांचा आनंद आधीच करून झाला होता. शिळ्या बातमीला कोण टाळी देणार?

तिने आईला दवाखान्यात फोन लावला.

"नमस्कार, बोला, अपॉइंटमेंट हवीये का?"

"आई, आलं. तेच आलं. जनावरांचं."

आई म्हणाली, "एक मिनिट होल्ड करा हं," आणि फोन काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर जे ऐकू आलं ते दात काढताना येतं तसलं काहीतरी होतं, पण ती आईच होती. "मावशी, बरं वाटत नाहीये का?" असं कोणीतरी पेशंट तिला विचारत होतं. "बसून घ्या," आई हुंदके देत म्हणाली. "माझ्या मुलीचा नंबर लागला."

बाबा बेकरीसमोरच सापडले. काकांनी त्यांना काचेवर 'ताजा पाव' लिहायला बोलावलं होतं. टिल्लीने काही न बोलता मोबाइल त्यांच्यापुढे धरला. बाबांनी तो हातात घेतला, लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला आणि तिला परत दिला. मग ते ब्रश डब्यात बुडवायला गेले आणि ब्रश डब्याच्या बाहेरच फिरत राहिला.

"अभिनंदन," ते म्हणाले. "माझं राहिलं होतं करायचं."

तेव्हा टिल्लीच्या लक्षात आलं की एवढ्या दिवसांत अख्ख्या रस्त्याने तिचं अभिनंदन केलं होतं, फक्त बाबांनी तेवढं केलं नव्हतं.

बाबांनी शिडी लावली, लाल रंगाचा डबा आकड्याला अडकवला आणि वर चढले. बेकरीवाले काका बाहेर आले. टोस्ट टिल्लीच्या पायाशी येऊन चौथा पाय पुढे करून बसला. बाबांनी खडूसुद्धा काढला नाही. मापही टाकलं नाही. वेलबुट्टीपासून बोटभर अंतरावर त्यांनी सरळ पहिलं अक्षर काढायला घेतलं.

"बाबा, मोजून घ्या ना. नाव केवढं लांब आहे. मावणार नाही."

"मावेल."

'पशुवैद्यकीय' झालं. जरा जागा सोडून 'महाविद्यालय' सुरू झालं. टिल्ली खालून श्वास रोखून बघत होती. शेवटचं अक्षर संपलं, आणि त्याच्यापुढे उजवीकडची वेलबुट्टी सुरू होत होती. डावीकडे अक्षर आणि वेल यांत जेवढं अंतर होतं, तेवढंच उजवीकडे होतं. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही.

टिल्ली ओळीकडे बघतच राहिली. वेल सगळ्यांत शेवटी काढायची असते. आधी अक्षरं मोजायची असतात. आणि ही वेल तर उत्तर येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होती. विज्ञान महाविद्यालय तिच्यात सैल पडलं असतं. वाणिज्यही दात पडल्यासारखं दिसलं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तर म्हणायचात, कुठलंही मिळालं तरी सारखंच."

बाबा शिडीवरून उतरले. ब्रश पुसायला त्यांनी खिशातून चिंधी काढली आणि बराच वेळ तो पुसत राहिले. "तोंडाने काय, काहीही म्हणता येतं," ते म्हणाले. "उद्या नाही मिळालं तर तुला माझ्या आशेचं ओझं नको व्हायला, म्हणून म्हणायचो. पण पत्र्यावर अंदाजाने जागा सोडता येत नाही गं. तिथे खरं माप टाकावं लागतं."

टिल्लीने त्यांचा रंगाने माखलेला हात धरला आणि तिच्या शाळेच्या पांढऱ्या बाहीवर लाल बोटं उमटली. शाळा तशीही संपली होती.

उद्घाटनाच्या दिवशीचे ते आजोबा पाव घ्यायला आले होते. कपाळावर हात धरून त्यांनी पाटी पुन्हा वाचली, या खेपेला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

"चला, बेकरीतून सुटली एकदाची पोरगी," ते म्हणाले, आणि रस्त्यात पहिली टाळी त्यांनीच वाजवली.